इतिहास आणि समाजशास्त्राच्या आमच्या प्राध्यापकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय सर आणि मॅडम,

सादर नमस्कार आणि सलाम.

तुमचे महाविद्यालय लहान. ख्रिस्ती संस्थेचे, एका विषयाला एक जागा, त्यातलीही एखादी तासिका तत्त्वावर. तरी जालना, परभणी आणि बीडच्या शाळांतून आज इतिहास व समाजशास्त्र शिकवणाऱ्या आम्हा अनेकांची कागद वाचण्याची रीत तुमच्याकडून आलेली आहे. नुसते "उपकार विसरणार नाही" असे लिहिण्यापेक्षा ती रीत नेमकी काय आहे ते मांडणे, हेच आम्हाला आभार मानणे वाटते.

आधी फसली सालाबद्दल, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या महसुली वर्षाबद्दल. निजामी अमलातला महसुली कागद हाती आला, मग तो सेतवार म्हणजे शेतवार नोंदवही असो, पाहणीपत्रक असो वा इनामाच्या हक्काचा दाखला म्हणजे मुंतखब, की त्यावरच्या १३५७ सारख्या आकड्याशी पोरे अडतात. तुमचा नियम साधा होता. हैदराबाद राज्याचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्याने सुरू होते. म्हणून इसवी सन काढायला ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीला ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या नोंदीला ५९१. १७ सप्टेंबर १९४८ ला, हैदराबाद मुक्त झाले त्या दिवशी, फसली १३५७ चालू होते, आणि हिजरी १३६७. खरी मेख इथेच आहे. एकाच कागदावर दोन्ही साले असू शकतात. हिजरी साल फसली समजून वाचले की निजामाचा शिक्का असलेल्या कागदाला १९५७-५८ साल लागते. बरे, "हिजरीतून दहा वजा करा" असा सोपा नियमही चालत नाही. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यामुळे जितके मागे जावे तितका हा फरक कमी होतो; १८४८ च्या आसपास तो सातावर येतो. त्यात उर्दू अंकांतले दोन आणि तीन घाईच्या लेखणीत सारखेच दिसतात. म्हणून सालाबरोबर महिन्याचे नावही उतरवून घ्यायला तुम्ही लावत होता. आजूर, दै, बहमन दिसले तर फसली; रज्जब, शाबान दिसले तर हिजरी. एवढ्या एका सवयीने किती चुका वाचतात ते वर्गात रोज दिसते.

लिपीचा धडाही असाच. उर्दूत ळ नाही, ण नाही. मिशनऱ्यांच्या रोमन लिपीतल्या वह्यांतही ळ आणि ल एकाच अक्षराने लिहिलेले. पाटील-कुलकर्ण्यांची मोडी घेतली तर तिथे शिरोरेघ आधी आणि अक्षरे मागून, शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही. त्यामुळे काळे आणि काले ही दोन घरे आहेत की एकच, हे नुसत्या नावावरून ठरवायचे नाही. गाव, बापाचे नाव आणि धंदा, या तिन्हींपैकी निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय दोन नोंदी एकाच माणसाच्या धरायच्या नाहीत. हे तुम्ही इतक्यांदा सांगितले की आता तेच आम्ही पोरांना सांगतो, तुमच्याच शब्दांत.

मंडळीची, म्हणजे चर्चची, बाप्तिस्म्याची नोंदवही हे तर तुमचे खास क्षेत्र. पाळकसाहेबांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय कपाट उघडायचे नाही, हा पहिला नियम. हात धुऊन कोरडे करायचे, पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही, टिपणे पेन्सिलीने, फोटो फ्लॅशशिवाय, आणि प्रत्येक फोटोत पानाचा क्रमांक आलाच पाहिजे. जुनी लोहयुक्त शाई कागद खाते. अक्षरांच्या जागी भोके पडलेल्या पानामागे कोरा पांढरा कागद सरकवला की मजकूर वाचता येतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. टेपचा गोंद पिवळा पडतो आणि कागदाला घेऊन निघतो. लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवायचे, नाहीतर पावसाळ्यात ओल आणि वाळवी दोन्ही मागच्या बाजूने येतात.

पण वही जपणे सोपे, वाचणे अवघड. जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख यांतले अंतर पाहा, असे तुम्ही शिकवले. अंतर काही आठवड्यांचे असेल तर ख्रिस्ती आईबापांचे मूल. वीस-तीस वर्षांचे असेल तर नव्याने विश्वासात आलेला प्रौढ. एकाच दिवशी एकाच गावची दहा नावे दिसली की ती एका भावकीची आहेत का ते बघायचे, कारण माणूस बहुधा एकटा येत नसे, घर आणि सोयरे घेऊन येई. १८९९-१९०० च्या दुष्काळात एखाद्या वहीतला आकडा चढलेला दिसला तर "भुकेपोटी धर्म बदलला" हे वाक्य पटकन लिहू द्यायचे नाही. दफनाची नोंदवही शेजारी ठेवायची, अनाथ मुलांच्या नोंदी वेगळ्या काढायच्या, आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच वर्षांचे आकडे मांडायचे, आणि दुष्काळ सरल्यावर ती कुटुंबे वहीत टिकली का, त्यांच्या मुलांची लग्ने विवाहाच्या वहीत सापडतात का, ते पाहायचे. एवढे केल्यावर जे उत्तर येईल ते लिहायचे. ते उत्तर कोणालाही पुरते सोयीचे नसते, हा आमचा आजवरचा अनुभव.

इथे तुमची एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. संस्था ख्रिस्ती असूनही मिशनच्या कागदाला तुम्ही कधी सूट दिली नाही. स्कॉटिश मिशनचे रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेलची वसाहत उभी केली, त्या कामाबद्दल तुमच्या मनात उघड आदर. तरीही मिशनचा अहवाल स्कॉटलंडच्या देणगीदारांनी वाचावा म्हणून लिहिला जाई, त्यात उजळ बाजू पुढे येणारच, हे तुम्ही पहिल्याच तासाला सांगत होता. महसुली कागद कर वसूल करण्यासाठी, अहवाल देणगीसाठी, नोंदवही विधीसाठी. ज्या कामासाठी कागद लिहिला त्या कामापुरता तो जास्त खरा.

एका माणसाची दोन नावे हा भाग तर आमच्या जिल्ह्यांत घरोघरी भेटतो. मंडळीच्या वहीत ख्रिस्ती नाव, शाळेच्या दाखल्यावर जुने नाव आणि जुनी जात. मॅडम, तुम्ही त्याचे कारण फळ्यावर तीन सालांत मांडत होता. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने सवलत फक्त हिंदूंपुरती ठेवली, १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. हे कळल्यावर त्या दोन नावांकडे लबाडी म्हणून पाहणे थांबते. आणि लगेच दुसरी सूचना: हयात माणसाची ही जुळवणी कुठेही छापायची नाही, वर्गातल्या प्रकल्पातही नावाऐवजी क्रमांक वापरायचा, कारण आपल्या तळटीपेमुळे कुणाच्या पोराचा दाखला अडकू शकतो. जुन्या वहीतला महारवाडा, मांगवाडा हा शब्द उताऱ्यात जसाच्या तसा ठेवायचा, आपल्या वाक्यात मात्र माणसाचा मान ठेवून लिहायचे.

गावाच्या पाहणीबद्दल थोडक्यात लिहिता येणार नाही, कारण बहुतेक पाहण्या तिथेच फसतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे (रासेयो) शिबिर हिवाळ्यात, म्हणून पाहणीही डिसेंबर-जानेवारीत उरकतात. त्या वेळी बीडच्या कित्येक गावांत म्हातारे आणि शाळकरी पोरेच असतात, बाकीचे ऊसतोडीला. दसरा-दिवाळीच्या सुमारास गेलेली माणसे मार्च-एप्रिलमध्ये परततात. तुम्ही पाहणी मे महिन्यात नेली, ऊन सोसून. "घरात कमावते किती?" हा छापील प्रश्नही तुम्ही बदलला. ऊसतोडीला मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे पुरुष "एक" सांगतो आणि बाईचे काम कागदावरून गायब होते. "कोयते किती, उचल किती, किती दिवस, बरोबर कोण कोण गेले" असे विचारले की ती बाई तक्त्यात येते.

जमिनीचे तसेच. लोक एकरात सांगतात, सातबारा हेक्टर-आरमध्ये. ४० गुंठे म्हणजे एकर, १०० आर म्हणजे हेक्टर, आणि गुंठा जवळजवळ आरएवढाच, म्हणून ०.४० वाचून पोरे एक एकर लिहितात, ते चालते. पण सातबारा अजून आजोबांच्या नावावर असतो आणि तिन्ही भाऊ पूर्ण क्षेत्र आपले म्हणून सांगतात, ते चालत नाही. म्हणून सगळी बेरीज गावाच्या एकूण क्षेत्राशी ताडून पाहायची. बेरीज क्षेत्रापेक्षा वर गेली, तर वाटणीचा प्रश्न विचारायचा राहिला आहे.

आणि १९४८. हा विषय तुम्ही टाळला नाहीत, यासाठी वेगळे आभार. निजामाच्या बाजूच्या रझाकारांचे अत्याचार आणि भारतीय लष्कराच्या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, मुसलमान वस्त्यांवर आलेले संकट, दोन्हींना एकच माप. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज केला होता; सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या लढ्याविषयीचा अभिमान आणि हा आकडा एकाच तासात शिकवता येतो, हे तुम्ही करून दाखवले. म्हाताऱ्या माणसांना साल विचारायचे नाही, हेही त्याच तासातले. "पोलीस ॲक्शन झाली तेव्हा गुरे राखत होतात की शाळेत जात होतात?" असे विचारायचे. बहात्तरच्या दुष्काळात वाटलेली सुकडी आणि लाल मिलो ज्वारी, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, यांच्या आधाराने वय आणि क्रम दोन्ही लागतात.

त्याच धर्तीवर आम्ही चार तालुक्यांसाठी घटनांची दिनदर्शिका तयार केली आहे. तिची प्रत या पत्रासोबत जोडली आहे. फसली महिन्यांचा रकाना सरांनी, आणि बाळंतपण, लग्न, स्थलांतर यांचे रकाने मॅडमनी एकदा तपासून द्यावेत. समासात जागा मुद्दाम रुंद सोडली आहे.

आपले नम्र,
जालना, परभणी आणि बीड जिल्ह्यांत शिकवणारे आपले विद्यार्थी