पूंछ शहरालाही बंकर हवेत

मा. केंद्रीय गृहमंत्री, भारत सरकार यांस,
सादर नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त हवालदार. नोकरीतली दोन वर्षं जम्मू-काश्मीरच्या पूंछ सेक्टरमध्ये काढली. आमच्या पोस्टवर खेचरांवरून पाणी आणि रेशन चढवणारा एक पोर्टर होता. त्याच्याशी भावासारखा जिव्हाळा जडला, तो आजही आहे. पोरांच्या शिक्षणासाठी त्याने गाव सोडलं आणि पूंछ शहरात भाड्याने खोली घेतली. गाव सीमेला लागून आहे, शहरात तरी पोरं निवांत झोपतील, एवढाच त्याचा हिशेब.

7 मे 2025 ला दुपारी 4 वाजता मुंबई-पुण्यात नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल होतं. मी ते टीव्हीवर बघत होतो. पूंछमध्ये मात्र आदल्या रात्रीपासून पाकिस्तानी तोफांचे खरे गोळे पडत होते. त्याचा फोन संध्याकाळी लागला. घरमालकाचं कुटुंब आणि हे, मिळून अकरा माणसं जिन्याखाली दाटीवाटीने बसली होती. गॅसवर चहाचं आधण तसंच राहिलेलं. पातेलं जळून घरभर वास सुटला, तरी उठायला कुणी धजेना. शेवटी त्याची बायको रांगत गेली आणि गॅस बंद करून आली. हे सांगताना तो रडला. छातीएवढ्या बर्फात चढणीवर कधी कुरकुर न केलेला माणूस आहे हो तो.

साहेब, गोळा थेट अंगावर पडून जेवढी माणसं जातात, त्याहून जास्त जातात ती उडणाऱ्या तुकड्यांनी. पत्र्याचं छप्पर, खिडकीची काच, साधी विटांची भिंत त्यापुढे टिकत नाही. जमिनीखाली जाड काँक्रीटच्या आड बसलेला माणूस बहुतेक वेळा वाचतो. एवढं मी अनुभवाने सांगू शकतो. 7 ते 10 मे या चार दिवसांत पूंछ जिल्ह्यात डझनाहून जास्त नागरिक गेले, त्यात शाळकरी मुलंही होती. गुरुद्वारा वाचला नाही, मदरसा वाचला नाही. शहरावर असा मारा 1971 नंतर पाहिला नव्हता, असं तिथली जुनी माणसं सांगतात.

जम्मू विभागातल्या पाच सीमावर्ती जिल्ह्यांसाठी केंद्राने 14,460 बंकर मंजूर केले होते, सुमारे 415 कोटी रुपयांचे. काम मोलाचं आहे आणि त्याने अनेक जीव वाचले. पण ती योजना मुख्यतः सीमेलगतच्या गावांसाठी होती. तोफेचा पल्ला गावाच्या वेशीवर थांबत नाही. शहरातल्या दाट मोहल्ल्यांत लोकांनी जायचं कुठे? पूर्ण पडलेल्या घरांना 2 लाख आणि अंशतः पडझड झालेल्यांना 1 लाख रुपये अशी जादा मदत नंतर जाहीर झाली, तिच्याबद्दल कृतज्ञता आहे. पण घर पुन्हा उभं राहतं.

म्हणून माझी विनंती आहे. पूंछ शहरात मोहल्लानिहाय सामुदायिक बंकर बांधा. प्रत्येक शाळेत आणि दवाखान्यात तर आधी बांधा, कारण मुलं आणि आजारी माणसं पळू शकत नाहीत. बांधून झाल्यावर त्यांच्या देखभालीचा खर्चही त्याच मंजुरीत धरा. मी बघितलेल्या एका गावातल्या बंकरमध्ये पावसाचं पाणी गुडघाभर साठलेलं होतं आणि कोरड्या कोपऱ्यात गवताचे भारे रचलेले होते. शांततेच्या वर्षांत असंच होतं, गावकऱ्यांना त्याचा दोष देता येत नाही. पाण्याचा निचरा, दिवा, पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी आडोशाचा संडास, एवढं असलं तर माणसं रात्र काढू शकतात.

आणखी एक. पायऱ्या उथळ ठेवा आणि कडेला धरायला लोखंडी नळी लावा. माझ्या त्या मित्राची आई पंच्याहत्तरीची आहे, गुडघे वाकत नाहीत. त्या रात्री तिला जिन्याखालीसुद्धा दोघांनी उचलून नेलं.

आपला,
एक निवृत्त हवालदार
जि. सातारा