प्रवासाला निघण्याआधी

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "यंदा गाडीनेच जातो, आणि वाटेत भात-ब्रेडला हात लावणार नाही." ऐकून बरं वाटलं. पण फोन ठेवल्यावर गेल्या प्रवासातली ती दुपार आठवली आणि झोप लागेना. म्हणून हे पत्र.

बाबा, त्या दिवशी सकाळची मधुमेहाची गोळी तुम्ही घेतली होतीत, नाश्ता मात्र अर्धाच केला होता. बाहेर नुसते कार्ब्स, म्हणजे भात, ब्रेड, गोड असले पिष्टमय आणि साखरेचे पदार्थ मिळतात आणि वर पैसे जातात, म्हणून "आता एकदम संध्याकाळीच जेवू" असं म्हणत तुम्ही दोन थांबे टाळलेत. पेट्रोल भरून गाडीत बसलात आणि किल्ली काही केल्या भोकात जाईना. मी हात धरला, तर तळवा गार आणि घामाने ओला. रक्तातली साखर मोजायच्या मीटरवर ५८ आकडा आला, साखर फारच उतरली होती. फळाच्या रसाचा डबा उघडताना माझी बोटं तुमच्यापेक्षा जास्त थरथरत होती. आई मागच्या सीटवर एक शब्द न बोलता तुमची पाठ चोळत होती.

तुम्ही साखर इतक्या नेटाने सांभाळता याचा मला अभिमान आहे. पण तुमची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि तुम्ही जेवलात की नाही हे तिला कळत नाही. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा की कार्ब्स किती कमी करताय आणि रोज किती तास गाडीत असाल. डोस त्यांनाच ठरवू द्या, घरच्या घरी अंदाजाने गोळी अर्धी करू नका. आई, तुझ्या रक्तदाबाच्या गोळीचंही त्याच वेळी विचारून घे. कार्ब्स एकदम कमी केले की सुरुवातीच्या दिवसांत शरीरातून पाणी आणि मीठ जास्त बाहेर पडतं, मग उठताना चक्कर येते.

आता पैशांचं. बाबा, काटकसर तुमच्याकडूनच शिकले, तेव्हा रागावू नका. प्रवासात खिसा रिकामा होतो तो भुकेपोटी. पोटात कावळे ओरडत असताना माणूस समोर दिसेल ते घेतो, आणि समोर बहुतेक बिस्किटं, वेफर्स, गोड पेयंच असतात. ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये जवळजवळ ३५ ग्रॅम साखर असते. एका उकडलेल्या अंड्यात एक ग्रॅमही कार्ब्स नसतात आणि प्रथिनं सहा ग्रॅम मिळतात. म्हणून घरून डबा घ्या, बाकी सगळं त्यामागून जमतं.

अंडी आदल्या रात्री उकडून ठेव, आई, पण सोलू नकोस. कवचासकट ती जास्त टिकतात. खायच्या वेळी गाडी सावलीत लावायची आणि मगच सोलायची. सोबत काकडी, कोबी, साधं दही. फळांच्या चवीचं दही नको, त्यात साखर घातलेली असते. बदाम महाग वाटत असतील तर शेंगदाणे घ्या. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम दाण्यांत सात ग्रॅम प्रथिनं असतात, आणि पाच ग्रॅमच्या आसपास कार्ब्स, त्यातले निम्मे तंतू, म्हणजे फायबर. काजू मात्र जपून, त्यांत कार्ब्स बरेच जास्त. मुठीमुठीच्या पुड्या आधीच बांधून ठेव. मोठी पिशवी मांडीवर असली की बाबांचा हात थांबत नाही, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

बर्फ विकत घेऊ नका. पाण्याच्या बाटल्या थोड्या रिकाम्या ठेवून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि त्याच खाण्याच्या खोक्यात रचा. आधी गारवा मिळतो, वितळल्यावर प्यायला पाणी. खोकं डिकीत न ठेवता आत पायांशी ठेवा, उन्हात डिकी फार तापते. अंडी, दही गारव्याबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर खाऊ नका. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. इथे टाकून देण्याचं वाईट वाटून घेऊ नका, पोट बिघडलं तर औषधाचा खर्च कितीतरी जास्त.

एक वेळ बाहेर गरम जेवालच, आणि जेवायलाच हवं. अख्खं ताट न मागता सुटे पदार्थ मागा: ऑम्लेट, भाजलेले मासे किंवा चिकन, भाजी. दाट रस्सा पिठाने घट्ट केलेला असू शकतो, विचारायला संकोच करू नका. पाकिटावर "शुगर फ्री" लिहिलेलं असलं तरी मागे १०० ग्रॅममधले कार्ब्स बघाच.

आणि हे मात्र माझ्यासाठी करा. मीटर आणि तीन-चार चमचे साखरेची एक पुडी गाडीच्या खणात, चालवणाऱ्याच्या हाताशी असू द्या. आकडा ७० च्या खाली गेला किंवा हात थरथरला, तर लो कार्ब तेवढ्यापुरतं विसरायचं. गाडी बाजूला घ्यायची, साखर खायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आकडा नीट आला तरी पुढचा पाऊण तास चाकामागे बसायचं नाही. बाबा, त्या पाऊण तासात तुम्ही घाई कराल, म्हणून हे आईला सांगून ठेवते.

दर दोन तासांनी उतरून दोघं चार पावलं चाला. पहिल्या थांब्यावरून फोन कर, आई, आणि बाबांकडे दे. काय खाल्लं ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

तुमची लाडकी
लेक