त्या संध्याकाळी धावून आलेल्या सगळ्यांचे आभार

आमचे काका म्हणजे पूलच्या (काठीने बॉल मारून टेबलाच्या खिशांत घालायच्या खेळाच्या) टेबलाशी उभी हयात घालवलेला माणूस. नाइन-बॉल या पूलच्या प्रकारात टेबलावरच्या सर्वांत लहान नंबरच्या बॉलला आधी क्यू-बॉल (काठीने मारायचा पांढरा बॉल) लागावा लागतो. काका तो मारतानाच पुढच्या दोन बॉलची सोय करून ठेवत. त्या संध्याकाळी ऐन सामन्यात ते टेबल धरून खाली बसले आणि आडवेच झाले. आम्ही घरचे तिथेच होतो, पण आमचे हातपाय गळाले.

शेजारच्या टेबलावरची मुलं धावली. एकाने अॅम्ब्युलन्सला फोन लावला. एकीने लगेच छाती दाबायला सुरुवात केली, मोठ्याने आकडे मोजत. ती दमली की दुसरा, मग पुन्हा ती. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत हात थांबले नाहीत. काका गेले. पण प्रयत्नांत कसर राहिली, हा सल तुमच्यामुळे आम्हाला नाही.

आणि हॉलवर काम करणारे ते दादा! गडबडीत काकांची क्यू (खेळायची काठी) टेबलाखाली घरंगळली होती. त्यांनी ती उचलली, दांड्यावरची खडूची निळी पूड पुसली, जोड उघडून दोन्ही भाग पेटीत नीट बसवले आणि रात्री हॉस्पिटलात येऊन काकूंच्या हातात दिली. (काका ती क्यू आम्हालाही हाताळू देत नसत!)

नावं विचारायची राहूनच गेली. काकूंच्या खांद्यावर जाकीट घालून गेलेल्या ताई, ते धुऊन हॉलच्या काउंटरवर ठेवलंय. घेऊन जा, आणि जमलं तर काकूंना भेटा. त्या तुमची चौकशी करत असतात.