ग्रह आकसला, पण वस्तुमानाचे काय?

संपादक महोदय,

‘ग्रह आकसला की त्याचा दिवस तितक्याच टक्क्यांनी लहान होतो’ हे आपल्या विज्ञान पुरवणीतील विधान अर्धवट आहे आणि त्यातले ‘तितक्याच’ तर साफ चूक. जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्यातल्या बदलाला वस्तू किती विरोध करते याचे माप, त्रिज्येच्या वर्गावर ठरते; ते घटले की फिरण्याचा वेग त्याच प्रमाणात वाढतो. वस्तुमान तेवढेच राहून पृथ्वी आतून-बाहेरून सारखीच 1 टक्का आकसली, तर दिवस जवळपास 2 टक्क्यांनी, म्हणजे साधारण 29 मिनिटांनी लहान होईल.

खरी मेख ‘वस्तुमान तेवढेच’ या अटीत आहे. बर्फावर हात आवळून गिरकी घेणाऱ्या खेळाडूचा घासून गुळगुळीत झालेला दाखला देताना ती अट कुणी उच्चारतच नाही. पृथ्वीचा वरचा थर सोलून अवकाशात जाऊ दिला, तर तो आपल्या वाट्याचा कोनीय संवेग (जडत्व आघूर्ण गुणिले फिरण्याचा वेग) घेऊनच जाईल. त्रिज्या घटेल, दिवस मात्र होता तेवढाच राहील. उलट, एकसारख्या घनतेच्या गोलावर त्याच घनतेचे, पण स्वतःचा फिरता वेग न आणणारे द्रव्य चहूबाजूंनी साचले, तर वस्तुमान त्रिज्येच्या घनाने वाढते आणि जडत्व आघूर्ण थेट पाचव्या घाताने. त्रिज्येत 1 टक्का भर पडली की 24 तासांचा दिवस सुमारे सव्वा तासाने लांबतो.

खरोखर आकसलेला ग्रह म्हणजे बुध. गाभा थंड होत गेला, कवच दाबले जाऊन एकावर एक चढले आणि लांबच लांब कडे उभे राहिले. ‘मेसेंजर’ यानाने टिपलेल्या या कड्यांवरून त्याची त्रिज्या 7 किलोमीटरपर्यंत घटली असावी, असा अंदाज 2014 मध्ये मांडला गेला. आजची त्रिज्या जेमतेम 2,440 किलोमीटर. त्रिज्येच्या वर्गाच्या वरच्या सूत्रात आकडे घातले, तर 58.65 दिवसांच्या परिवलनातून सुमारे 8 तास कमी व्हायला हवेत. पण बुध मोकळा नाही. सूर्याभोवतीच्या दोन प्रदक्षिणांत तो स्वतःभोवती बरोबर तीन फेऱ्या घेतो. एकदा या जुळणीत अडकल्यावर आकसण्यातून मिळणारा जादा वेग सूर्याचे गुरुत्वाकर्षण काढून घेते.

पृथ्वीचा दिवस तर आकारमान न बदलताही बदलतो. हिमयुगातल्या बर्फाखाली दबलेली ध्रुवांकडची जमीन अजून वर येते आहे, द्रव्य अक्षाकडे सरकते आहे. त्यामुळे दिवस शतकाला सुमारे 0.6 मिलिसेकंदाने घटतो. भरती-ओहोटीचे घर्षण मात्र तो 2.3 मिलिसेकंदांनी लांबवते.

दुरुस्ती छापाल तेव्हा ‘वस्तुमान कायम असल्यास’ आणि ‘बाहेरून पीळ (फिरणे बदलणारा जोर) पडत नसल्यास’ या दोन्ही अटी घालाव्यात.

— भौतिकशास्त्राचा एक शिक्षक, सांगली