पान नंबर 47 आणि एक मार्कर

सर, सादर नमस्कार.

तुम्ही आमच्या विभागात येऊन गेलात त्याला आठ महिने झाले. पत्र तेव्हाच लिहायचं होतं, पण तेव्हा ते नुसतं रडगाणं झालं असतं.

तुमच्याआधी पाहुणे आले नव्हते असं नाही. शाल, श्रीफळ, व्याख्यान, फोटो, जेवण, गाडी. ‘आपण मिळून काम करू’ असं स्टेजवर प्रत्येकाने म्हटलंय; नंतर मेलला उत्तर एकाचंही नाही. म्हणून तुमच्या व्याख्यानालाही मी दाराजवळच बसले होते. वर लॅबमध्ये कॉलम (पदार्थ शुद्ध करायची नळी) चालू होता, सटकता यावं म्हणून.

मग तुम्ही 2003 सालची ती गोष्ट काढलीत. सुझुकी कपलिंगला, म्हणजे दोन रेणू जोडायला, एरवी पॅलेडियम हा धातू उत्प्रेरक म्हणून लागतो; त्याच्याशिवायही ते होतं, असा शोधनिबंध आला आणि दोन वर्षांनी त्याच गटाने लिहिलं, की विकतच्या सोडियम कार्बोनेटमध्येच पॅलेडियम होतं. अब्जात 50 भाग! सभागृह हसलं. माझ्या पोटात गोळा आला. माझीही रिअ‍ॅक्शन ‘धातूविरहित’च होती. कधी 80 टक्के यील्ड (हाती आलेला पदार्थ), कधी 10. दीड वर्ष ऐकत होते, “हिच्या हाताला गुण नाही.” एका मोठ्या माणसाने तर, चांगले आकडे तेवढे ठेव, बाकीची पानं कशाला दाखवतेस, असंही सुचवलं होतं.

चहाच्या वेळी तुम्ही लॅबमध्ये आलात, अर्धं बिस्किट हातात. “न झालेल्या रिअ‍ॅक्शनची पानं दाखव,” म्हणालात आणि स्टुलावर बसून ती खरंच वाचलीत. खाली गाडीवाला हॉर्न देत होता. मग बेसिनजवळच्या बीकरमधून मॅग्नेटिक बीड, म्हणजे द्रावण ढवळायचा टेफ्लॉन चढवलेला चुंबक, उचलून उजेडात धरलात. टेफ्लॉन पांढरं उरलंच नव्हतं, टोकांना काळपट ओरखडे. “हा आधी कोणाकडे होता?” मला काय ठाऊक? आमच्याकडे बीड वारशाने येतात.

तपासणीसाठी तीन व्हायल (छोट्या बाटल्या) भरल्या. तुम्ही मार्कर मागितलात. मला वाटलं, तुमच्या लॅबचा कोड घालाल. तुम्ही माझी आद्याक्षरं विचारलीत, आणि वहीच्या पानाचा नंबर. नमुने तिकडे कसे पोचले ती कागदपत्रांची कथा सोडा. पण आयसीपी-एमएसचा (अत्यल्प धातूही मोजणाऱ्या यंत्राचा) तक्ता आला तेव्हा पहिल्या रकान्यात तेच होतं, ‘एस. जे. 47’. आजवर माझं सगळं काम ‘लॅबचं सॅम्पल’ म्हणूनच बाहेर गेलंय. तो तक्ता मी किती वेळा उघडला, ते सांगत नाही.

शेजारच्या रकान्यात पॅलेडियम होतं, जुन्या बीडमधून आलेलं. म्हणजे माझा दावा तुम्हीच मोडलात, सर. पण माणूस चुकलाय हे सांगतानाही त्याचं नाव नीट लिहायचं, ही रीत किती जणांकडे असते? इथे शाबासकी देणाऱ्यांनी वही उघडली नव्हती आणि दोष देणाऱ्यांनीही नाही. हुशार माणसं आम्हाला वरचेवर भेटतात हो.

परवा नवा फ्लास्क, नवा बीड घेऊन रिअ‍ॅक्शन पुन्हा लावली. 24 तासांनी टीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे दाखवणाऱ्या पट्टीवर) फक्त सुरुवातीच्या पदार्थाचा डाग. गाइडना “शून्य” सांगताना मी हसत होते, ते बघतच राहिले.

आपल्या दोघांच्या लेखाचा दुसरा मसुदा सोमवारी पाठवते. ब्लँकचा (तुलनेसाठीच्या कोऱ्या चाचण्यांचा) तक्ता आधी बघा.

आपली,
एस. जे.