गोऱ्ह्याचा खर्च कोणी करायचा? पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. ना. श्रीमती पंकजाताई मुंडे,
मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

ताई, मी माळकरी घरातली सून. लग्न होऊन तीस वर्षं झाली, आमच्या चुलीवर मटण-मासळी तर सोडाच, अंडंही कधी चढलं नाही. आषाढीला घरातलं कोणी ना कोणी दिंडीत असतंच. आणि आमचा प्रपंच दुधावर चालतो. गोठ्यात सहा संकरित गायी, दोन कालवडी आणि एक म्हातारा बैल. मांसाहार बरा की शाकाहार, यावर टीव्हीवर आणि मोबाईलवर जी भांडणं चालतात ती मी ऐकते. त्यात एक बाजू नेहमी म्हणते, आम्ही जीव मारत नाही. मीही हेच म्हणत आले. पण मी दूध काढते, म्हणून मला त्याच्या पुढचंही सांगायला हवं.

गाय दूध देते ती व्याल्यावरच. वर्ष-सव्वा वर्षाने ती पुन्हा व्यायला पाहिजे, नाहीतर आटते. म्हणजे तुमच्या-आमच्या चहासाठी दरवर्षी एक वासरू जन्माला येतं आणि साधारण निम्म्या वेळेला ते गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, असतं. खिल्लार गोऱ्हा झाला की पूर्वी घरात आनंद असायचा, दोन-तीन वर्षांत तो औताला यायचा. एचएफच्या, म्हणजे होल्स्टीन या विलायती जातीच्या, गोऱ्ह्याला वशिंड नसल्यातच जमा. मानेवर जू ठरत नाही, ऊन सोसत नाही. शिवाय आता नांगरट ट्रॅक्टरने होते. त्याला घ्यायला गिऱ्हाईक नाही, आणि पाळायचा तर तो पितो तेवढं दूध डेअरीला कमी जातं.

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात आमच्या चांदीला गोऱ्हा झाला. काळाबांडा, कपाळावर पांढरा ठिपका. पहिले पाच दिवस पोटभर चीक पाजला. मग एक सड त्याच्यासाठी सोडायला लागलो, पुढे धार काढून झाल्यावर उरेल तेवढंच. दीड महिन्यात त्याच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. एका रात्री ह्यांनी आणि धाकट्या दिरांनी त्याला टेम्पोत घातला आणि लांबच्या एका देवस्थानच्या माळावर सोडून आले. मी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे चांदीने पान्हा सोडला नाही. पुढ्यात पेंड ठेवली, कास कोमट पाण्याने धुतली, पाठीवरून हात फिरवला. ती दाराकडे तोंड करून हंबरत राहिली. तीन दिवस असंच.

त्या गोऱ्ह्याचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. त्याच्या मानेवर आम्ही सुरी ठेवली नाही, एवढंच सांगता येतं. त्याला जगवला असं मात्र म्हणता येत नाही.

हे एकट्या आमच्या घरचं असतं तर मी आपल्याला पत्र लिहिलं नसतं, देवापुढे नाक घासून गप्प बसले असते. पण सरकारची पशुगणनाच बघा. 2012 ते 2019 या काळात देशात गायींची संख्या सुमारे 18 टक्क्यांनी वाढली आणि गोवंशातले नर 30 टक्क्यांनी घटले. जन्माला तर दोन्ही सारखेच येतात. मग हे गोऱ्हे गेले कुठे? त्याच गणनेत देशभर 50 लाखांवर मोकाट गुरं मोजली गेली आहेत. बाकीच्यांचा जाब कोणीच विचारलेला नाही.

आपल्या राज्यात गाय आणि तिची वासरं यांच्या कत्तलीला 1976 च्या कायद्यानेच बंदी होती. 2015 च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. तोवर कामातून गेलेला बैल दाखला घेऊन कत्तलीसाठी विकता यायचा. त्या पैशात थोडी भर घालून शेतकरी नवा गोऱ्हा आणायचा. आपल्या बीड जिल्ह्यातल्या गाडीवानांना हे गणित मी नव्याने सांगायला नको. मुकादमाची उचल घेऊन बैलजोडी घ्यायची, कारखान्यावर पाच-सहा महिने ऊस ओढायचा आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की थकलेली जोडी बाजारात उभी करायची, हे त्यांचं वर्षाचं चक्र. त्या जोडीची किंमत पडली तेव्हा पहिला फटका याच माणसांना बसला.

बैल शेतीसाठी विकायला आजही कायद्याची आडकाठी नाही. पण गोरक्षक म्हणून रस्त्यात गाडी अडवणाऱ्यांना पावती दाखवून उपयोग होत नाही, हे बाजाराला जाणारा प्रत्येक जण जाणतो. 2025 च्या पावसाळ्यात जनावरांचा आणि मांसाचा व्यापार करणाऱ्या कुरेशी समाजाने या जाचाला कंटाळून जनावरांची खरेदीच बंद ठेवली, तेव्हा बाजार ओस पडले. म्हशींनाही कोणी विचारीना, आणि म्हशीला तर ही बंदी लागूच नाही. आमच्या वस्तीवर त्या दिवसांत माणसं भाकड जनावर दावणीला बांधून नुसती बसून होती. कुरेशी व्यापारी आणि माळकरी शेतकरी यांचं पोट एकाच बाजाराला बांधलेलं आहे, हे पुण्या-मुंबईतल्या पुष्कळ लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असेल.

ताई, आपल्याकडे पर्यावरण आणि पशुसंवर्धन ही दोन्ही खाती एकत्र आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला. पर्यावरणवाले सांगतात की मांस सोडा, पृथ्वी वाचेल. ते खोटं नाही. गोमांसाइतकं पृथ्वीला जड अन्न जगात क्वचितच असेल, आणि आपल्या भाकरी-आमटीइतकं हलकं जेवणही क्वचितच. तूर, मटकी, हुलगा ही पिकं हवेतला नत्र मुळांशी धरून ठेवतात आणि पावसाच्या पाण्यावर येतात. अशा शाकाहाराचा मला अभिमान आहे. पण लग्नाच्या पंगतीत आता आमटीच्या जागी पनीर आलं आहे. एक किलो पनीरला गायीचं सहा-सात लिटर दूध लागतं. ती गाय मका, घास, मुरघास खाते, तो चारा उन्हाळ्यात बोअरच्या पाण्यावर उभा असतो आणि ती दिवसभर रवंथ करून मिथेन सोडते. देशात शेतीतून होणाऱ्या उत्सर्जनातला निम्म्याहून अधिक वाटा जनावरांच्या या रवंथाचा आहे. म्हणून किलोला किलो धरलं तर चीज-पनीरसारख्या पदार्थांचा भार कोंबडीपेक्षाही जास्त भरतो. उलट आमच्याकडे दिवाळीनंतर धनगरांची खांडवं येतात. त्यांच्या मेंढ्या माळावरचं गवत आणि पीक निघालेल्या रानातला पाला खातात. रात्री आम्ही त्या शेतात बसवून घेतो, लेंडीखतावर पुढचं पीक तरारतं. ते मटण मी खाणार नाही, पण त्याला पृथ्वीचा वैरी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

भाकड गायही रवंथ करतेच, म्हातारा बैलही करतो. दूध आटलं म्हणून मिथेन आटत नाही. आमच्या बैलाला दिवसाला शंभर-सव्वाशे रुपयांची वैरण लागते. तो मरेपर्यंत मी घालणार, कारण त्याने बारा वर्षं आमचं रान नांगरलं. पण ज्याच्याकडे घालायला नाही तो जनावर सोडून देतो. ते दुसऱ्याच्या उभ्या ज्वारीत शिरतं, काठ्या खातं, शहराकडे गेलं तर उकिरड्यावर प्लास्टिक खाऊन मरतं. ह्यात अहिंसा कुठे आणि पर्यावरण कुठे?

30 सप्टेंबर 2024 ला सरकारने देशी गायीला राज्यमाता-गोमाता म्हटलं आणि गोशाळांना देशी गायीमागे रोज 50 रुपये द्यायचं ठरवलं. चांगलं केलं. पण राज्यातल्या डेअऱ्यांना गायीचं दूध मुख्यतः आमच्या संकरित गायी घालतात. ती म्हातारी झाली तर त्या अनुदानात नाही, तिचा गोऱ्हा नाही आणि ज्याच्यासाठी 2015 ची दुरुस्ती झाली तो बैलही नाही. जीव वाचवायचा म्हणून कायदा करताना सरकारने जात विचारली नाही. वैरणीचे पैसे देताना मात्र विचारली.

2025 मध्ये पशुसंवर्धनाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा मिळाला, त्याचा आम्हाला आनंदच झाला. आता पुढचं पाऊल टाका. माझ्या मते गोऱ्हा जन्मालाच कमी येणं हाच यातला सर्वांत दयाळू मार्ग. लिंगनिश्चित वीर्यमात्रेने दहातल्या नऊ वेळा कालवड होते. तिची गर्भधारणा साध्या रेतनापेक्षा कमी वेळा टिकते, म्हणून दोन-चार गायींचा शेतकरी एकदा फसला की पुन्हा मागत नाही. गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, तर दुसरी मात्रा फुकट द्या आणि ती तालुक्याच्या दवाखान्यात नेहमी शिल्लक असू द्या. रस्त्यात गाडी अडवायचा अधिकार पोलीस आणि सरकारने नेमलेल्या माणसांशिवाय कोणालाही नाही, हे प्रत्येक बाजाराच्या फाटकावर ठळक लिहून लावा आणि ते पाळलं जाईल असं बघा.

आणि बैलाचं. हे लिहिताना मला जड जातं, गळ्यात माळ आहे. पण शेजाऱ्याने काय खावं हे माझ्या माळेने ठरवू नये, आणि माझ्या व्रताचा खर्च ऊसतोड्याच्या खिशातून तर मुळीच निघू नये. सरकारला बैल जगवायचा असेल तर त्याची वैरण सरकारने द्यावी. ती देता येत नसेल तर 2015 च्या आधी होती तशी दाखल्यावर विक्रीची वाट पुन्हा मोकळी करावी. तिसरा रस्ता आज चालू आहे तो, उपाशी ठेवून मारण्याचा. त्या वाटेवर मी स्वतः एक वासरू सोडलं आहे.

चांदी पुन्हा गाभण आहे, कार्तिकात व्यायची आहे. त्याआधी गोशाळांच्या अनुदानाचा शासन निर्णय एकदा काढून बघा, ताई, आणि त्यात 'देशी गाय' या शब्दांच्या पुढे 'संकरित गाय, गोऱ्हा व बैल' एवढे शब्द घाला.

आपली,
एक दूध उत्पादक शेतकरी
कर्जत तालुका, जि. अहिल्यानगर