धडधाकट दिसतो म्हणून

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत तरुण मुलं लोकलमध्ये म्हाताऱ्यांना सीट देत नाहीत असा लेख आलाय, तक्रार पटली, पण एक बाजू राहिली म्हणून लिहितेय. मी ३४ वर्षांची, कळव्याला राहते, मला र्‍हुमॅटॉइड संधिवात आहे, म्हणजे म्हातारपणातला नाही, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो. दिसायला ठणठणीत. सकाळची आंघोळ, डबा आणि ठाणे स्टेशनचा जिना एवढ्यात दिवसाची निम्मी ताकद जाते, झोपूनही ती भरून येत नाही, आणि हे घरच्यांना, ऑफिसात समजावताना उरलेली पण संपते. "अगं परवा तर हळदीला नाचलीस!" हो, तेच तर फेडतेय अजून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, मल्टिपल स्क्लेरोसिस (तिथे प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूवर उलटते) आहे त्यात, पण आमचा आजार नावानिशी नाही, सांधे कायमचे वाकडे झाले की मग अस्थिव्यंगात धरतात (तोवर थांबायचं बहुतेक). सर्टिफिकेट नाही म्हणून दिव्यांग डबाही नाही. तेव्हा बसलेल्या पोरीला उठवायच्या आधी एकदा विचारा, बरं नाहीये का, आणि ती हो म्हणाली तर रिपोर्ट मागू नका.

– एक वाचक, कळवा (ठाणे)